बोलली ती सक्रीच

सक्रे, तुला अजून अंगणातून उचललंही नव्हतं, आणि तुझी जाऊ धुरपता डोळ्याला पदर लावून म्हणाली, "सुटली बिचारी. एवढी वर्षं मुक्यावानी पडून व्हती. तिला कुठं काय समजत व्हतं?" भोवतीच्या बायांनी माना हलवल्या. सुटली, सुटली, म्हणून राहिल्या सगळ्या.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सुटायला तू काय दाव्याला बांधलेली म्हैस होतीस? त्यावर मी काय केलं ते तुला सांगणारच आहे, पण दमानं. तुझ्या तांड्यातून घरी आले तेव्हापासून कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शिष्टर, आधी च्या घे, मंग भांड." घेतला चहा. आता गप ऐक.

मी तुमच्या गावच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून आले तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. वसमतच्या आमच्या वस्तीतली मी, कडक इस्त्रीची पांढरी साडी, खांद्याला पिशवी, आणि सेनगावच्या जीपमधून उतरून तांड्याकडं चालत येताना मनात धाकधूक. तांड्यात पाय ठेवते तर काय, दोन बाया एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडताहेत, आणि तेही सुरात. तीन-चार बाया भोवती बसून तोच सूर ओढताहेत. मी पिशवी खाली ठेवली, आवाज बारीक केला आणि विचारलं, "कोण गेलं हो?"

त्या रडणाऱ्या दोघींपैकी एक तू. तू रडणं थांबवलंस, नाक पुसलंस आणि खदखदून हसलीस. "कोणीच न्हाई गेलं बाई! ही माझी बहीण हिरकी. सिद्धेश्वरच्या धरणाकडून आली, लई दिवसानं. आमी भेटून राहिलो." भेटून राहिलो! आमच्याकडं माणूस भेटलं की जयभीम घालतात आणि बसायला पाट देतात. तुम्ही आधी गळ्यात पडून, गेल्या भेटीपासूनची सगळी दुःखं सुरात सांगून मोकळ्या होता आणि मग भाकरी थापायला बसता.

त्याच दिवशी तू मला तुमचा कायदा सांगितलास. एकीनं सूर धरला की ओळीचा शेवटचा तुकडा बाकीच्यांनी उचलायचाच. ओळख असो, नसो, बोलणं बंद असो. "न्हाई उचलला तर ती बाई एकली पडते," तू म्हणालीस, "आन् रडताना कोणाला एकलं पडू द्यायचं न्हाई." पुढं कितीदा तरी मला तो सूर शिकवायला निघालीस. मी म्हणायचे, मला रडताना आवाजच फुटत नाही. तू म्हणायचीस, "तुमी रडता का खोकता?"

तुझी-माझी दोस्ती झाली ती भांडणातच. तेव्हा तुझे मालक होते आणि तुझ्या दंडावर खालपासून वरपर्यंत बांगड्या. बीपीच्या मशीनचा पट्टा बांधायला बोटभर जागा नाही. मी म्हटलं, काढ. तू म्हटलंस, "मालकाला मारता काय माझ्या?" शेवटी बांगड्या वर-खाली सरकवत जागा केली, पट्टा आवळला आणि पारा जो चढला तो थांबायचं नावच घेईना. मी दचकले. तू मजेत विचारतेस, "किती मण भरलं?"

आणि मग ती गोळी. सक्रे, त्या एका गोळीपायी आपण जेवढं भांडलो तेवढं मी माझ्या नवऱ्याशीही भांडले नाही. तुझं म्हणणं एकच, "दुखून न्हाई राहिलं, खुपून न्हाई राहिलं, मंग गोळी काहून खाऊ?" मी सांगायचे, बीपी दुखत नसतं गं, ते गुपचूप आतल्या नळ्या खराब करतं, आणि मेंदूतल्या नळ्या तर सुतासारख्या बारीक. तू ऐकायचीस, मान डोलवायचीस आणि मी पाठ फिरवली की ती गोळी धुरपताच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी देऊन टाकायचीस. गुडघ्याला बीपीची गोळी! वर मलाच सांगायचीस, "तिला लई आराम पडला."

एकदा बोकड कापलं होतं आणि तू मला जेवायला ठेवून घेतलंस. पितळीत भेजा वाढलास. मी म्हटलं, सक्रे, हाच तो, माणसाचाही असाच असतो, थोरला. तू हातातला घास खाली ठेवलास. बोटानं मधली चीर उघडून बघितलीस. "हे तर दोन हायेत." मी म्हटलं, हो, दोन अर्धी. डावं अर्धं उजव्या हातापायाला हलवतं आणि उजवं डाव्याला. मागं खाली हा लहान मेंदू, चालताना तोल सांभाळणारा. आणि हा बुडखा, श्वास घेणं, गिळणं ह्याच्याकडं. तू कितीतरी वेळ बघत बसलीस. मग म्हणालीस, "एवढं मऊ? मंग धुरपताचा एवढा राग ह्याच्यात मावतो कुठं?" आणि घास तोंडात टाकलास. मी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. त्यावर मीठ कमी खा म्हणाले तर पुन्हा भांडण, कारण तुझ्या हातची चटणी म्हणजे अर्धी मिरची न् अर्धं मीठ. आणि गालात तंबाखू होतीच.

मालक गेले, दंडावरच्या बांगड्या गेल्या. मला पट्टा बांधायला जागा झाली, त्याचाही मला राग आला होता. पारा तिथंच. गोळी कधी घेतलीस, कधी नाही.

मग कापूस वेचता वेचता तू वाकलीस ती उठलीच नाहीस. तुझी लेक ललिता धापा टाकत उपकेंद्रावर आली. "शिष्टर, याडीचं तोंड वाकडं झालं." मी पळत आले. उजवा हात लोंबत होता, तोंडातून नुसतं ते-ते-ते. लकवा. तुझा पोरगा किसन कुणाचं तरी नाव घेऊन म्हणाला, तिकडं झाडपाला देतात. मी त्याला अशी काही ओरडले की तो जीपच घेऊन आला. आधी हिंगोली, मग नांदेड.

नांदेडचा डॉक्टर पोरगेलासा होता, पण जीव लावून समजावणारा. त्यानं डोक्याचा फोटो उजेडापुढं धरला आणि मला-किसनला जवळ बोलावलं. "हे बघा, डावी बाजू. इथं, कपाळ आणि कानशिलाच्या मध्ये, शब्द जुळवून तोंडाशी आणायचं काम होतं. तिथलं रक्त अडलं, ती जागा गेली. हाताची जागा शेजारीच, म्हणून हातही. पण ऐकलेलं समजायची जागा त्याच्या मागं, कानाच्या वर. ती शाबूत आहे. आईला सगळं समजतंय. फक्त बोलता येत नाही." मला तुझी पितळी आठवली. तुझं बोट त्या चिरेवर.

मी ते वाक्य पदराला गाठ मारून आणलं. आईला सगळं समजतंय. पण सक्रे, तांड्यात ते कुणी घेईना. ज्या बाईची जीभ तांड्यात सगळ्यात लांब, जिच्याकडं नवऱ्या पोरी ढावलो शिकायला यायच्या, माहेर सोडतानाचं ते रडगाणं जिला सगळ्यांत जास्त येतं, ती ते-ते-ते करते म्हटल्यावर लोकांनी एकच अर्थ काढला, की डोकं गेलं. तुला मागच्या खोलीत घातलं, भुसाराच्या पोत्यांशेजारी. खायला-प्यायला वेळेवर. किसन काही वाईट पोरगा नाही, तुझं अंगसुद्धा स्वतः पुसायचा. पण तुझ्यादेखत तुझ्याविषयी बोलायचे, जशी काही तू तिथं नाहीसच.

मी सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, बघा. "सक्रे, डोळे मिट." मिटलेस. "दाराकडं बघ." बघितलंस. "आता झालं समाधान?" तर धुरपता म्हणाली, "कुत्रं बी बस म्हणलं की बसतंय." तुझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ना, ते मी बघितलं. तेही त्यांनी लकव्याच्या खात्यावर टाकलं, म्हणे डोळा गळतो.

मग हिरकी आली. ती तुला अशी पहिल्यांदाच बघत होती. तिनं गळ्यात पडून सूर धरला. आणि तू, जिच्या तोंडातून महिनोन्महिने एक शब्द आला नव्हता, तू तो शेवटचा तुकडा उचललास. शब्दांसकट! मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. माझ्या हातातलं मशीन खाली पडायचं राहिलं. मी रडायला लागले, म्हणजे तुझ्या भाषेत खोकायला लागले. मला वाटलं, जिंकलो आपण. आता कोण म्हणतो हिचं डोकं गेलं?

आणि धुरपता ओरडली, "देवी आली! अंगात देवी आली!"

मुकी बाई बोलते म्हणजे दुसरं काय? लिंबू आलं, हळदकुंकू आलं, नारळ आला. लोक पाया पडायला लागले. एकानं हरवलेली शेळी विचारली, दुसऱ्यानं बोअरला पाणी कुठं लागेल ते. देवीशी माझं काही भांडण नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण तू तोंड उघडलंस आणि ते श्रेय घेऊन गेली दुसरीच! तू गाणं थांबवून सांगायला गेलीस, तर पुन्हा ते-ते-ते. लोक म्हणाले, बघा, देवी गेली. असा संताप मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नाही. डाव्या हातानं तू ते लिंबू उचललंस आणि फेकलंस. तेही लोकांनी प्रसाद म्हणून नेलं.

मी नांदेडला जाऊन त्या डॉक्टरला गाठलं. तो हसला, म्हणाला, असं होतं. "बोलणं बहुतेक डाव्या बाजूचं. गाण्याला दोन्ही बाजू लागतात, उजवी जरा जास्तच. लहानपणापासून मुरलेलं, सुरात बसलेलं तिकडून बाहेर पडतं. त्यांना गाऊ द्या. जेवढं वापरतील तेवढं मेंदू नवी वाट काढेल, सगळी नाही, पण काढेल. गोळी चुकवू नका, मीठ कमी, तंबाखू बंद. आणि खोलीत एकटं ठेवू नका, माणसांत बसवा. एकटेपणानं मेंदू अजून खंगतो." मी परत येऊन किसनला शेतातलं उदाहरण दिलं. पाट फुटला तर रान वाळू देतोस का, दुसऱ्या दांडानं पाणी नेतोस? ते त्याला पटलं. तुझी बाज त्या दिवशी ओसरीवर आली. मीच एक बाजू धरली होती, कंबर धरली माझी.

तंबाखू सुटली, कारण आता ती कोण आणून देणार होतं! गोळी मात्र मी स्वतः तुझ्या तळहातावर ठेवायचे. एकदा म्हटलं, "आता तरी मान, माझं खरं होतं." तू गोळी तोंडात टाकलीस, पाणी प्यालीस आणि मला जीभ काढून दाखवलीस. वाकडी जीभ. ते भांडण तिथंच राहिलंय, सक्रे. तू गेलीस म्हणून मी ते सोडीन असं समजू नको. तू वेळेवर गोळ्या घेतल्या असत्यास तर कदाचित आज माझ्या ओट्यावर बसून मला नावं ठेवत असतीस. हे मी तुला तोंडावर म्हटलं होतं, आताही म्हणते.

ललिताचं लग्न तुझ्या आजारपणानं एक साल पुढं गेलं होतं. ते आलं. तिला ढावलो शिकवायला बसली धुरपता. अंगणात बाया, मध्ये ललिता, ओसरीवर तू आणि तुझ्या दंडाला पट्टा बांधत मी. एकेक कडवं चाललं होतं. बापाचं झालं, भावाचं झालं, आणि धुरपता एकदम पुढं मैत्रिणींवर गेली. आईचं कडवं गाळलं. ललितानं वर बघितलं. धुरपता म्हणाली, "ते राहू दे. तुझ्या याडीला काय समजनार हाय?"

तू तांब्या उचलून जमिनीवर असा आपटलास की कुत्री भुंकायला लागली. माझा पट्टा ओढून काढलास. आणि सूर धरलास. आईचं कडवं, सगळं, पहिल्या ओळीपासून. शब्द कुठं अडखळला की मागं जाऊन पुन्हा घेत होतीस, पण सोडत नव्हतीस. धुरपता उठली लिंबू आणायला. किसन हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण तू तोच सूर धरून ठेवलास आणि त्यात स्वतःचे शब्द घातलेस. ते कुठल्या गाण्यात नव्हते. ते तुला कुणी शिकवले नव्हते. "म सक्री छू. ललितार याडी छू." मी सक्री आहे. ललिताची आई आहे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. डाव्या हातानं छातीवर थापा मारत.

तेव्हा ललिता उठून धावत आली आणि तुझ्या गळ्यात पडली. तिनं तुझा शेवटचा तुकडा उचलला. किसननं जोडलेले हात खाली घेतले आणि एवढ्या मोठ्या बाप्यानं तुझ्या पायाशी बसकण मारली. धुरपता लिंबू घेऊन आली ती तशीच उभी. नंतर म्हणाली, "देवी चतुर हाय, सक्रीचं नाव सांगते." धन्य ती बाई!

त्यानंतर आपण दोघी सुरात बोलायला लागलो. मराठी तुझी गेली ती गेलीच, सुरात यायची ती फक्त तुमची बंजाऱ्यांची गोरबोली. मग काय, इतकी वर्षं टाळलेलं मलाच शिकावं लागलं. तू "पाणी" म्हणून ओढायचीस, मी "घे गं" म्हणून उचलायचे. जाणारे-येणारे म्हणायचे, शिष्टरबाई बी येडी झाली. होऊ दे म्हटलं. भाजीत मीठ कमी पडलं तेही तू मला रडण्याच्या चालीत सांगितलंस, आणि माझा सूर चुकला की डाव्या हातानं टपली मारलीस. माझ्या लोहाच्या गोळ्या नि लसीकरणाच्या धावपळीत एवढं हसायला मला दुसरीकडं कुठं मिळत होतं? तुझे शब्द वाढत गेले, थोडे थोडे. शेवटी शेवटी न गाता "ललिता" म्हणायला लागली होतीस. नुसतं "ललिता", साधं, हाक मारल्यासारखं.

मग दुसरा झटका. ह्या वेळी तो खाली बुडख्याशीच आला, श्वासाच्या जागी, तिथं कुणाचं काही चालत नाही. शेवटच्या दुपारी मी तुझा हात धरून होते, डावा. मी सूर धरला. तू उचलला नाहीस. पण बोटं दाबलीस, बराबर जिथं उचलायचं तिथं. ते मी सोडून कुणाला कळलं नाही, आणि मला तेवढं पुरे आहे.

तर आता ऐक, अंगणात काय झालं ते.

"तिला कुठं काय समजत व्हतं," धुरपता म्हणाली, आणि बाया माना हलवत होत्या. मला भाषण करता आलं असतं. मेंदूची डावी बाजू, उजवी बाजू, नांदेडचा फोटो, सगळं पाठ आहे मला. पण इतकी वर्षं तेच तर करत होते, आणि कुणाच्या डोक्यात शिरलं? मी तुझ्या उशाशी जाऊन बसले. वसमतची मी, जयभीमवाली, जिला रडताना आवाज फुटत नाही. गळा खरवडून निघाला, पण मी सूर धरला. मोडकी गोरबोली, बेसूर, मध्येच मराठी. म्हटलं, सक्री सुटली नाही गं, सक्री गेली. माझ्याशी भांडणारी गेली. सक्रीला सगळं समजत होतं.

नर्सबाई रडते, तेही ढावलोच्या चालीत, ह्याचं काय करावं कुणाला कळेना. मी ओळीच्या शेवटी थांबले, आणि मला वाटलं, आता मी एकली पडते.

ललितानं उचललं आधी. सक्रीला सगळं समजत होतं. मग हिरकीनं. मग एकेक करून सगळ्यांनी, कारण कायदा तुमचाच आहे, सूर धरला की शेवट उचलायचाच, पटो न पटो. मी पुन्हा धरला, आणि ह्या वेळी सरळ धुरपताकडं बघून. ती खाली बघत होती. पदर तोंडात होता. बाया तिच्याकडं बघायला लागल्या. शेवटी तिनं पदर काढला, आणि सक्रे, तुझ्या अंगणात, तुझ्यासमोर, अख्ख्या तांड्यादेखत तुझ्या जावेनं मोठ्यानं म्हटलं, सक्रीला सगळं समजत होतं.